अंश सगळेच बघतात, छेद बघा: एनबीए संघाचा पेस आणि खेळाडूंचा परिणाम घरबसल्या कसा मोजायचा

२ नोव्हेंबर १९९० ला एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर नगेट्सने घरच्या मैदानावर १५८ गुण केले आणि सामना हरले. समोरच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी १६२ केले होते, तेही ओव्हरटाइमशिवाय (म्हणजे बरोबरी झाल्यावर मिळणाऱ्या जादा वेळेशिवाय). आठ दिवसांनी फिनिक्स सन्सनी याच नगेट्सविरुद्ध एका हाफमध्ये १०७ गुण ठोकले. मोसम संपला तेव्हा नगेट्सची सरासरी सामन्याला ११९.९ गुण, लीगमध्ये सर्वांत जास्त. दिलेले गुण सामन्याला १३०.८. विजय ८२ पैकी २०.

हे आकडे वाचून कुणीही म्हणेल की आक्रमण जबरदस्त, बचाव फुटका. बचाव फुटका होता यात वादच नाही. पण त्या संघाचं आक्रमणसुद्धा सुमारच होतं, लीगच्या सरासरीच्या खाली. ११९.९ हा आकडा खोटा नाही, फक्त तो ‘दर सामन्याला’ आहे, आणि ते लोक एका सामन्यात इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा बास्केटवर धावून जात होते. शाळेत बाईंनी अपूर्णांक शिकवताना सांगितलं होतं की वर अंश, खाली छेद. बास्केटबॉलच्या बातम्यांत अंश मोठ्या टाइपात असतो आणि छेद छापलाच जात नाही.

हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांनी नुकतंच एनबीए बघायला घेतलंय आणि ज्यांना एका संघाची मोसमभराची वही स्वतः ठेवायची आहे. मी उदाहरणाला डेन्व्हर नगेट्स घेतोय. एक तर मी त्यांचाच हिशेब ठेवतो, आणि दुसरं म्हणजे पेस, म्हणजे खेळाचा वेग, या विषयावर एवढं टोकाचं आयुष्य जगलेला दुसरा संघ मला माहीत नाही.

तयारी: एक संघ, एक वही

एकच संघ धरा. तीस संघांचे आकडे वेबसाइटवर तयार मिळतात, ते उतरवून काही शिकायला मिळत नाही. डेन्व्हरचे घरचे सामने बहुतेक तिथल्या संध्याकाळी ७ ला असतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. चहा आणि पहिला क्वार्टर एकत्र होतो. ऑफिस गाठायचं असेल तर उरलेला सामना रात्री रेकॉर्डिंगवर बघा, फक्त दिवसभर मोबाइलवर स्कोअर बघायचा मोह आवरा.

साहित्य म्हणाल तर चौकटीची वही, पेन्सिल आणि नंतर बेरजा करायला मोबाइल किंवा लॅपटॉपवरची कुठलीही शीट. सामना संपल्यावर एनबीएच्या साइटवर बॉक्स स्कोअर आणि प्ले-बाय-प्ले फुकट मिळतो. बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्याचा ताळेबंद, प्ले-बाय-प्ले म्हणजे रोजकीर्द. सुरुवातीला ताळेबंद पुरतो, पण रोजकीर्द बघायची सवय लावा. पुढे प्लस-मायनसला तीच लागते.

पहिलं काम: पझेशन हाताने मोजा

कबड्डीत एकदा तुमची चढाई, एकदा आमची. दोन्ही संघांच्या चढाया जवळजवळ सारख्याच होतात, त्यामुळे खरा प्रश्न हा की एका चढाईमागे किती गुण आणले. बास्केटबॉलमधलं पझेशन म्हणजे ही चढाई. चेंडू तुमच्या हातात आला की पझेशन सुरू, समोरच्याच्या हातात गेला की संपलं. एवढं पक्कं झालं की या लेखातलं निम्मं झालं.

पझेशन संपतं चार प्रकारे: बास्केट झाली, शॉट चुकला आणि रिबाउंड (चुकून उसळलेला चेंडू) समोरच्याने घेतला, टर्नओव्हर झाला (शॉट न घेताच चेंडू गमावला), किंवा फाऊलबद्दल मिळालेल्या मोकळ्या शॉटपैकी, म्हणजे फ्री थ्रोपैकी, शेवटचा आत गेला (चुकला तर रिबाउंड कुणाला मिळतो ते बघायचं). शिवाय क्वार्टरचं घड्याळ संपलं तर तेही संपलं.

नवख्यांची गाडी अडते ती ऑफेन्सिव्ह रिबाउंडवर. शॉट चुकला आणि आपल्याच खेळाडूने चेंडू परत पकडला, तर पझेशन तेच चालू. नवीन खूण करायची नाही. मी पहिल्या मोसमात नेमकी हीच चूक केली. डेन्व्हरच्या आरॉन गॉर्डनने रिबाउंड खेचला की उत्साहाने एक रेघ वाढवायचो. सामना संपला, बेरीज केली, तर डेन्व्हरची पझेशन समोरच्यापेक्षा ११ ने जास्त. चढाया आळीपाळीने होत असतील तर हे होणारच कसं? मग डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या दिवसापासून माझ्याकडे एक फुकटची तपासणी आली: एका क्वार्टरमध्ये दोन संघांच्या पझेशनमध्ये फार तर एकाचा फरक पडू शकतो. त्याहून जास्त आला तर चूक तुमची आहे, खेळाची नाही.

खुणा करायची माझी पद्धत सांगतो. पानाचे दोन उभे भाग, डावीकडे डेन्व्हर, उजवीकडे पाहुणे. प्रत्येक पझेशनला एक छोटी चौकट, चौकटीत शेवट काय झाला ते एका अक्षरात. बास्केटला तिचे गुण, २ किंवा ३. चुकलेल्या शॉटला फुली. टर्नओव्हरला ‘ट’. फ्री थ्रोला ‘फ’ आणि त्याच्या पायथ्याशी किती आत गेले तो आकडा. ऑफेन्सिव्ह रिबाउंड मिळाला तर त्याच चौकटीत फुलीच्या पुढे टिंब आणि मग जे झालं ते. ‘फुली, टिंब, २’ असं एका चौकटीत दिसलं की कळतं, पहिला शॉट चुकला, चेंडू परत मिळवला आणि बास्केट केली, सगळं मिळून एक पझेशन. पाच चौकटींनंतर एक आडवी रेघ. हाफ टाइमला पान बघितलं की डोळ्यांनाच दिसतं की डावीकडे ‘ट’ फार साचलेत.

तीन सामने असे पूर्ण करा. कंटाळा येईल, पेन्सिलीचं टोक मोडेल, रिप्ले दाखवण्याच्या नादात कॅमेरा एखादं पझेशन गाळेल. तरी करा. त्यानंतर सूत्र वापरताना ते कुठून आलं हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरं काम: सूत्र, आणि त्यातला विचित्र ०.४४

रोज हाताने मोजणं कुणालाच जमणार नाही. म्हणून बॉक्स स्कोअरवरून अंदाज काढायचं सूत्र वापरतात. बास्केटबॉलच्या आकडेमोडीतले आद्य गुरुजी म्हणावेत असे डीन ऑलिव्हर. त्यांच्यामुळे हे सूत्र सर्वतोमुखी झालं:

पझेशन = घेतलेले शॉट + (०.४४ × फ्री थ्रो) − ऑफेन्सिव्ह रिबाउंड + टर्नओव्हर

शॉट म्हणजे घेतलेले सगळे, आत गेलेले आणि चुकलेले. ऑफेन्सिव्ह रिबाउंड वजा का, ते वर आलंच. प्रश्न उरतो ०.४४ चा. एका फाऊलला दोन फ्री थ्रो मिळतात, तर एका फ्री थ्रोमागे अर्धं पझेशन, म्हणजे ०.५ हवं होतं. पण बास्केट झाली आणि वर फाऊलही मिळाला, तर तो जादाचा एक फ्री थ्रो आधीच मोजलेल्या पझेशनचा भाग असतो. टेक्निकल फाऊलचा फ्री थ्रो कुणाचंच पझेशन खात नाही. तीन गुणांच्या शॉटवर फाऊल झाला तर तीन फ्री थ्रो आणि पझेशन एकच. या सगळ्यांमुळे सरासरी अर्ध्याच्या खाली घसरते आणि ०.४४ च्या जवळ येऊन थांबते. एखाद्या सामन्यात हा आकडा चुकेल, मोसमभरात चुकत नाही.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ, फक्त हिशेबापुरतं. समजा डेन्व्हरचे शॉट ८८, फ्री थ्रो २२, ऑफेन्सिव्ह रिबाउंड १०, टर्नओव्हर १३. तर ८८ + ९.६८ − १० + १३ = १००.६८. पाहुण्यांचे शॉट ९१, फ्री थ्रो १८, ऑफेन्सिव्ह रिबाउंड १२, टर्नओव्हर १४. तर ९१ + ७.९२ − १२ + १४ = १००.९२. दोन्हींची सरासरी १००.८. नेहमी दोघांची सरासरीच घ्या. एकाच संघाच्या बाजूने काढलेला अंदाज हलतो, दोघांची सरासरी बऱ्यापैकी स्थिर राहते.

वेगवेगळ्या साइटवर हाच आकडा एखाद-दोनने वेगळा दिसेल. काही साइट सूत्र वापरतात, काही प्ले-बाय-प्लेवरून खरी मोजणी करतात. कोण बरोबर यावर डोकं फोडू नका. एक जागा निवडा आणि मोसमभर तीच ठेवा. दोन ठिकाणचे आकडे एका रकान्यात मिसळणं मात्र खरोखर पाप.

पेस

पेस म्हणजे ४८ मिनिटांत एका संघाला मिळणारी पझेशन. वरच्या उदाहरणात सामना ४८ मिनिटांतच संपला असेल तर पेस १००.८, संपला विषय. ओव्हरटाइम पाच मिनिटांचा असतो, म्हणून तो झाला तर ४८ ने गुणायचं आणि ५३ ने भागायचं: १००.८ चे ९१.३ होतात. हा भागाकार विसरल्यामुळे होणारे गैरसमज फार. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीए मुंबईत आली होती, वरळीच्या डोममध्ये. पहिल्या सामन्यात इंडियाना पेसर्सनी सॅक्रामेंटो किंग्जना १३२-१३१ असं हरवलं, आणि स्कोअर ऐकणाऱ्याला वाटलं असेल की काय तुफान खेळले. खेळले छानच, पण त्यात ओव्हरटाइम होता. लीगच्या इतिहासातला सर्वांत जास्त गुणांचा सामना, डिसेंबर १९८३ मधला डेट्रॉइट १८६, डेन्व्हर १८४, हा तर तीन ओव्हरटाइम खेळला गेला, म्हणजे ६३ मिनिटं. (४८ मिनिटांअखेर १४५-१४५ होते, त्यामुळे तोंडात बोट घालायला तसंही हरकत नाही. हरले ते परत डेन्व्हरच.)

वेग हा नियमांचा मुलगा आहे हेही लक्षात असू द्या. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ ने हरवलं. शॉट घ्यायची वेळमर्यादाच नव्हती, चेंडू धरून उभं राहिलं तरी चालायचं. मग १९५४ मध्ये सिराक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने २४ सेकंदांचं घड्याळ आलं. २४ च का? रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट घेतात, सामना २८८० सेकंदांचा, भागा आणि बघा. २०१८-१९ पासून ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर घड्याळ २४ ऐवजी १४ वर येतं. १९९८-९९ मध्ये लीगचा सरासरी पेस ८९ च्याही खाली गेला होता, अलीकडे तो १०० च्या आसपास असतो. म्हणून वेगवेगळ्या दशकांतल्या खेळाडूंची ‘सामन्याला अमुक गुण’ अशी तुलना कुणी करायला लागलं की आधी पेस विचारायचा.

पेस स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. २०२३ चं विजेतेपद जिंकलेला डेन्व्हर संघ पेसमध्ये लीगच्या खालच्या अर्ध्यात होता. त्यांचा सेंटर निकोला योकिच चेंडू घेऊन फ्री थ्रो रेषेच्या टोकाजवळ उभा राहतो, बघतो, अजून बघतो, आणि मग असा पास देतो की कॅमेराही मागे पडतो. त्याला घाई नसते आणि संघालाही नसते.

तिसरं काम: दर १०० पझेशनला

आता छेद हातात आला. केलेले गुण भागिले पझेशन, गुणिले १०० म्हणजे ऑफेन्सिव्ह रेटिंग. दिलेल्या गुणांचं तसंच केलं की डिफेन्सिव्ह रेटिंग. दोघांतला फरक नेट रेटिंग. क्रिकेटच्या नेट रनरेटचा हा चुलतभाऊ, फक्त षटकांऐवजी पझेशन. आपल्या उदाहरणात स्कोअर ११६-१०९ धरला तर ऑफेन्सिव्ह ११५.१, डिफेन्सिव्ह १०८.१, नेट सुमारे ७.

१९९०-९१ च्या डेन्व्हरवर हे लावून बघू. त्यांचा पेस सुमारे ११४, लीगची सरासरी ९८ च्या आसपास. ११९.९ ला ११४ ने भागलं की दर १०० पझेशनला सुमारे १०५ गुण येतात. लीगची सरासरी होती १०८ च्या आसपास. संपली जादू. कोच पॉल वेस्टहेड यांचा डाव असा होता की डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, हवा विरळ, पळवून पळवून पाहुण्यांना धाप लावायची. आजही नगेट्सच्या कोर्टवर ५२८० हा आकडा रंगवलेला दिसतो. धाप लागलीही असेल, पण पाहुणे अगदी बास्केटखालून मोकळे लेअप टाकता टाकता धापा टाकत होते.

वहीत दर सामन्याला एक ओळ: तारीख, समोरचा संघ, घर की बाहेर, पझेशन, पेस, तीन रेटिंग. बास. दहा सामन्यांनंतर दहांची सरासरी काढा. सरासरी काढताना रेटिंगची सरासरी काढायची नाही. सगळे गुण एकत्र, सगळी पझेशन एकत्र, मग भागाकार. पुन्हा तोच छेद.

जिंकलो का, हे कुठून कळतं

नेट रेटिंग सांगतं किती, का ते सांगत नाही. ‘का’साठी ऑलिव्हर यांचे चार घटक आहेत: शॉटचा दर्जा, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड आणि फ्री थ्रो. महत्त्वही साधारण याच क्रमाने.

शॉटचा दर्जा साध्या टक्केवारीने मोजू नका, कारण तीनचा शॉट दोनच्या दीडपट मोलाचा. म्हणून इफेक्टिव्ह टक्केवारी: आत गेलेले सगळे शॉट + त्यातल्या तीनवाल्यांचा अर्धा, भागिले घेतलेले शॉट. २०२३ च्या फायनल्सचा पाचवा सामना घ्या, डेन्व्हर ९४, मायामी हीट ८९. आपल्याकडे १३ जूनची सकाळ होती. डेन्व्हरने ८४ पैकी ३८ शॉट केले, त्यात तीनचे २८ पैकी फक्त ५. इफेक्टिव्ह ४८.२ टक्के. विजेतेपदाच्या रात्री असं नेमबाजीचं पान बघून रडूच आलं असतं, पण मायामीचं बघा: ९६ पैकी ३३, तीनचे ३५ पैकी ९, इफेक्टिव्ह ३९.१ टक्के. गंमत अशी की मायामीने १२ शॉट जास्त घेतले. पझेशन दोघांना सारखीच, मग जादा शॉट आले कुठून? अशा वेळी बॉक्स स्कोअरमध्ये तीनच जागा तपासायच्या: ऑफेन्सिव्ह रिबाउंड कुणाचे जास्त, टर्नओव्हर कुणाचे कमी, आणि कुणाची पझेशन शॉटऐवजी फ्री थ्रोवर संपली. डेन्व्हरला फ्री थ्रो मिळाले २३ आणि मायामीला १६, हे एक उत्तर. उरलेली दोन तुम्ही स्वतः काढा, पहिला गृहपाठ समजा.

खेळाडूसाठी फ्री थ्रोही धरणारी ट्रू शूटिंग वापरतात: गुण भागिले दुप्पट (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो). कोबे ब्रायंटने २२ जानेवारी २००६ ला टोरंटोविरुद्ध ८१ गुण केले; ४६ शॉट आणि २० फ्री थ्रो. छेद येतो १०९.६, म्हणजे ७३.९ टक्के. ४६ शॉट घेतले म्हणून ८१ झाले असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. कधी कधी छेद बघूनही अंश तेवढाच मोठा निघतो.

चौथं काम: खेळाडू

आधी सामन्यामागची सरासरी विसरा. त्याच १९९०-९१ च्या डेन्व्हरमध्ये मायकेल अ‍ॅडम्सने सामन्याला २६.५ गुण केले. पुढच्या मोसमात तो वॉशिंग्टनला गेला आणि १८.१ वर आला. माणूस एका उन्हाळ्यात म्हातारा होत नाही. हातात येणारी पझेशन कमी झाली. उलट त्याच १८.१ च्या मोसमात त्याला ऑल-स्टारचं, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचं, बोलावणं आलं. म्हणून खेळाडूचे आकडेही दर १०० पझेशनला मांडा, किंवा निदान दर ३६ मिनिटांना.

सोबत यूसेज बघा. खेळाडू मैदानावर असताना संघाची किती टक्के पझेशन त्याच्या हातून संपतात, शॉटने, फ्री थ्रोने किंवा टर्नओव्हरने, तो आकडा. पाच जण आहेत, म्हणून सरासरी २०. कमी यूसेजवर उत्तम टक्केवारी राखणं वेगळं आणि ३० च्या यूसेजवर राखणं वेगळं. गॉर्डनला योकिचने ताटात वाढलेला डंक आणि जमाल मरेने दोघांच्या अंगावरून, घड्याळ संपता संपता घेतलेला शॉट, दोन्हींना बॉक्स स्कोअरमध्ये एकच खूण होते.

प्लस-मायनस: सगळ्यांत मोहाचा आकडा

खेळाडू मैदानावर असताना संघाने किती केले आणि किती दिले, त्यांचा फरक. हे हाताने ठेवायला सोपं आहे, आणि एकदा तरी ठेवाच.

समजा योकिच पहिला पूर्ण क्वार्टर खेळला आणि क्वार्टरअखेर डेन्व्हर ३१-२५. वहीत: योकिच +६. दुसऱ्या क्वार्टरला तो बाकावर बसला, टॉवेल खांद्यावर. परत आला तेव्हा ३८-४०. म्हणजे त्याच्याविना ७-१५, उणे ८. हाफ टाइमला ६०-५४. परतल्यापासून २२-१४, +८. एकूण योकिच +१४, त्याच्याविना −८, बेरीज +६, आणि स्कोअरबोर्डवरही सहाचाच फरक. जुळलं. पूर्ण सामन्याची ताळ्याची रीतही पाठ करा: संघातल्या सगळ्या खेळाडूंच्या प्लस-मायनसची बेरीज सामन्याच्या फरकाच्या पाचपट यायला हवी, कारण दर क्षणी पाच जण मैदानावर असतात. ७ ने जिंकलो तर ३५. ३४ आली तर कुठेतरी बदली टिपायची राहिली. फ्री थ्रो चालू असताना बदली झाली तर गोंधळ होतो. मी ते गुण फाऊल झाला तेव्हा मैदानावर असलेल्या पाचांच्या नावावर टाकतो. नियम कुठलाही ठेवा, मोसमाच्या मध्यात बदलू नका.

आता मोह. एका सामन्याचा प्लस-मायनस जवळजवळ काहीच सांगत नाही. हे मला कळायला दोन मोसम लागले, तोवर मी मित्रांशी याच आकड्यावरून भांडत होतो. बेंचवरचा एखादा खेळाडू पाच मिनिटं येतो, म्हणजे साधारण १० पझेशन. तेवढ्यात समोरच्या संघाच्या कुणाचा तरी अवघड तीनचा शॉट आत पडला, तर नेट रेटिंग ३० ने कोसळतं. एक शॉट, ज्याच्याशी या बिचाऱ्याचा संबंधही नसेल! लाइन-अपचे, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या पाच जणांचे, आकडे वाचताना तर आधी पझेशनचा रकाना बघायचा आणि मग बाकीचे. काही शेकडा पझेशन नसतील तर ते पान उलटा.

मोसमभराचं ऑन-ऑफ त्या मानाने बोलकं असतं: खेळाडू असताना नेट रेटिंग किती, नसताना किती. योकिचच्या उत्तम मोसमांत डेन्व्हर तो असताना लीगमधल्या अव्वल संघासारखा आणि तो बसला की तळाच्या संघासारखा खेळलेला दिसतो. पण यातही मेख आहे. ऑफ मिनिटांत त्याच्या जागी कोण होतं? राखीव सेंटर जितका कच्चा, तितका योकिचचा ऑन-ऑफ फुगतो. आणि स्टार्टर (सामना सुरू करणारे पाच) बहुतेक वेळ एकत्रच खेळतात, त्यामुळे गॉर्डनच्या +८ मध्ये योकिचचे किती आणि गॉर्डनचे किती, हे नुसत्या वजाबाकीने कळत नाही. सूनबाईंच्या हातच्या आमटीला चव आली, पण मसाला सासूबाईंनी कुटलेला, तशातली गत.

हे सोडवायला दहावीच्या बीजगणितातली एकसामयिक समीकरणं आठवा. दोन बदल्यांमधला प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण: हे पाच विरुद्ध ते पाच, फरक इतका. मोसमात असे हजारो तुकडे पडतात, आणि अज्ञात संख्या म्हणजे लीगमधला प्रत्येक खेळाडू. अर्थशास्त्रज्ञ डॅन रोझेनबाउम यांनी २००४ च्या सुमारास ही अ‍ॅडजस्टेड प्लस-मायनसची पद्धत लोकांसमोर मांडली. अडचण अशी की कायम जोडीने खेळणाऱ्यांची उत्तरं वेडीवाकडी येत, एकाला +२०, दुसऱ्याला −१५. २०१० मध्ये जो सिल यांनी त्याला लगाम घातला: पुरेसा पुरावा नसेल तर प्रत्येकाला सरासरीकडे, शून्याकडे खेचायचं. हीच ती आरएपीएम (रेग्युलराइज्ड अ‍ॅडजस्टेड प्लस-मायनस). आज ऐकू येणाऱ्या ईपीएम, लेब्रॉन, डार्को या मोजमापांच्या मागे हाच विचार वेगवेगळ्या मसाल्यासह आहे. हे घरी वहीत होणार नाही, तयार आकडे घ्या.

तयार आकड्यांत बास्केटबॉल रेफरन्स या साइटवरचा बीपीएम (बॉक्स प्लस-मायनस) नवख्यांना सर्वांत सोयीचा. बॉक्स स्कोअरवरून काढतात, शून्य म्हणजे लीगचा सरासरी खेळाडू, आणि +५ म्हणजे दर १०० पझेशनला सरासरी खेळाडूपेक्षा संघाला पाच गुणांनी वर नेणारा. बचावाच्या बाबतीत तो आंधळा आहे, कारण बॉक्स स्कोअरच आंधळा आहे. चांगल्या बचावामुळे न घेतला गेलेला शॉट कुठेच छापून येत नाही. जॉन हॉलिंजर यांचं पीईआर (प्लेयर एफिशियन्सी रेटिंग) जुनं, सरासरी १५. ते भरपूर शॉट घेणाऱ्यांचे जरा जास्तच लाड करतं असं माझं मत.

शेवटची एक चाळणी: निकाल लागल्यानंतरची मिनिटं. २५ ने पुढे असताना चौथ्या क्वार्टरला शेवटच्या बाकावरची मुलं येतात आणि १५ गुण देऊन बसतात. बेन फॉक यांची क्लीनिंग द ग्लास ही साइट अशी मिनिटं गाळूनच आकडे देते. वहीत ठेवणार असाल तर दोन्ही कोचनी स्टार्टर बसवले की मी पेन्सिल खाली ठेवतो आणि शेजारी ‘निकाल लागला’ असं लिहून वेळ टिपतो.

मोसम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. पहिले दहा सामने फक्त पझेशन आणि तीन रेटिंग, बाकी रकाने कोरे. डिसेंबरपर्यंत चार घटक जोडा. ऑन-ऑफचा रकाना जानेवारीत उघडा, तोवर स्टार्टरची हजारेक मिनिटं जमलेली असतात. आणि मधेच एखाद्या सकाळी कुणी ग्रुपवर टाकलं की अमका काल −१९ होता, विका त्याला, तर उत्तरात एवढंच विचारा: किती पझेशनमध्ये?